विमानाविषयी कामशेतकरांची मतं

परवा माझ्या मुलीनं, सईनं, लॅपटॉप आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हा गेम बघा. नवाकोरा आहे, पण जुन्यासारखा केलाय." नवं पातेलं विकत आणून ते मुद्दाम चुलीवर काजळून घ्यावं, तसला प्रकार. काळ्या पडद्यावर बारीक आडव्या रेघा, खाली एवढंसं विमान, वरून किड्यामुंग्यांसारखे शत्रू गळतायत, आणि आपण एकच बोट आपटत त्यांना टिपायचं. खाली खेळणाऱ्यांची मतं होती. कुणी लिहिलं होतं, बालपण परत मिळालं. कुणी, आवाज अस्सल आहे पण तिसऱ्या टप्प्यात गोळ्यांना काही सुमारच नाही. कुणी, हा खेळ नसून आठवणींचा धंदा आहे. सई म्हणाली, "तुम्हीपण लिहा ना, तुमच्या घरी होतं ना असलं मशीन." मी म्हटलं, बाळा, खेळाडूंची मतं ही गोष्टच मुळात कामशेतला आमच्या ओटीवर जन्मली, तिथून ती अमेरिकेत गेली. हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. मी छातीवर हात ठेवला की आमच्या घरचे लोक ताटं घ्यायला उठतात, ती गोष्ट वेगळी.

मशीन आणलं माझ्या दादानं. विलास त्याचं नाव. लोणावळ्याच्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या पोरांसाठी खेळांची खोली होती, तिथली यंत्रं दुरुस्त करायचं काम तो करायचा. हॉटेलवाल्यानं एक मशीन भंगारात काढलं. कपाटाएवढं लाकडी खोकं, पोटात टीव्ही, पुढं एक दांडा आणि एक लाल बटण. दादानं ते चिक्कीच्या टेम्पोत घालून घरी आणलं. टेम्पोत गुळाच्या ढेपा होत्या आणि कामशेतपर्यंतच्या रस्त्याला तेव्हा रस्ता म्हणायची पद्धत होती इतकंच, त्यामुळे मशीन पोचलं ते अर्धं गूळ होऊन. पुढं वर्षभर त्याच्यात मुंग्या नांदल्या. काचेच्या आतून मुंगी फिरायला लागली की नवखा गडी तिच्यावरच गोळ्या झाडायचा आणि "ही मरंना कशी" म्हणून रडकुंडीला यायचा. जुने खेळाडू त्याला काही सांगत नसत. प्रत्येकानं आपापली मुंगी आपणच ओळखावी, असा तिथला शिरस्ता होता.

आमचं घर बाजाराच्या रस्त्यावर, समोर भाताची गिरण. गिरणीचा कोंडा दिवसभर उडत असायचा, त्यामुळे आमच्या घरात माणसं, भांडी आणि देव सगळे एकाच रंगाचे. आत आई भाकरी थापतेय, इंद्रायणीच्या भाताचा वास सुटलाय, अण्णा, म्हणजे आमचे वडील, तळेगावच्या कारखान्यातली पाळी करून आडवे झालेत, आणि ओटीवर ते खोकं गातंय. कुणी खेळत नसेल तेव्हा ते आपलं आपण एक सूर वाजवायचं, गिऱ्हाईक बोलवायला. आवाज कमी करायचं बटण मोडलेलं. दादा म्हणायचा, मोडलं; मला संशय होता की त्यानंच मोडलं. तो सूर इतका पक्का बसला की शेजारची म्हैस त्याच्याशिवाय पान्हवेना. शेजारीण चरवी घेऊन यायची आणि म्हणायची, "विलास, लाव रं बाबा तुजं इमान, माजी म्हस खोळंबलीय." यातली म्हैस खरी आहे.

खेळाचं नाव इंग्रजीत होतं, ते कुणी वाचलं नाही. आम्ही त्याला विमान म्हणत होतो. शत्रूंचीही नावं आम्हीच ठेवलेली. पहिल्या टप्प्याच्या शेवटी नांग्या हलवत यायचा तो मुठा, कारण आमच्या भातखाचरात तसलेच मुठे, म्हणजे खेकडे, निघतात आणि आई त्यांचं कालवण करायची. दुसऱ्यात यायची ती लेण्यातली वटवाघळं. तिसऱ्यात एक लांबलचक धूड वरून सरकत खाली यायचं, पुढंही तोंड आणि मागंही तोंड, ते म्हणजे घाटातली मालगाडी, मागून इंजिन लावलेली. यावर जी मतं पडायची! गिरणीत पोती उचलणारा गुलाब हा दादाचा जिवलग आणि आमचा मुख्य टीकाकार. त्याचं मत होतं की मुठा न्यायी आहे, मारतो पण सांगून मारतो. वटवाघळं हलकट. "आन् मालगाडी तर निव्वळ अन्याव हाय," तो म्हणायचा. "फुडलं इंजान फोडावं तवर मागलं हानतंय. असं कुटं आस्तंय का? ज्यानं बनीवलं त्याला हितं आना, मी इचारतो." दादा हातातला पेचकस न सोडता म्हणायचा, "गुलब्या, हरला की गेम वाईट, जितला की गेम झ्याक. तुजं मत मत नव्हं, ठेच हाय."

आता त्या मशीनची एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खेळ संपला की पडद्यावर पाच ओळींची यादी यायची, सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्या पाच खेळांची. यादीत बसलात तर तीन अक्षरी नाव टाकता यायचं. पण वीज गेली की मशीन सगळं विसरायचं. यादी पुसली जाऊन मूळची यायची, पाचही ओळींत नुसती ए-ए-ए. आणि मावळात तेव्हा वीज जायची नाही, कधीमधी यायची. आज जो राजा, तो संध्याकाळच्या अंधारानंतर कोणी नाही. दादाला हे खपेना. त्यानं ट्रकची जुनी बॅटरी आणून, कुठलीकुठली तारतूर जोडून असं काही केलं की वीज गेली तरी मशीन चालू राहायचं. अख्खं कामशेत काळोखात आणि आमच्या ओटीवर निळा उजेड. गाडीतून जाणाऱ्या लोकांना वाटायचं, इथं कुणाचं तरी लग्न आहे.

आणि त्यानंतर एके दिवशी दुपारी दादानं मालगाडी फोडली. मी पाठीशी उभा होतो. मागलं इंजिन, पुढलं इंजिन, दोन्ही. आकडा असा वर गेला की वाटलं आता काच फोडून माळ्यावर जातो. यादीच्या डोक्यावर त्यानं आपली तीन अक्षरं ठोकली, व्ही-एल-एस, आणि म्हणाला, "दांड्याची स्प्रिंग ढिली झालीय. लोणावळ्यास्नं आनतो. कुनी बंद करू नगा रं." मोपेडला किक मारून गेला. परत येताना जुन्या हायवेवर ट्रकनं त्याला उडवलं. स्प्रिंग खिशात होती.

इथं मी काहीतरी मोठं लिहिलं पाहिजे. उरलेल्या आयुष्यात मी मुंगीचा हत्ती केलाय, आणि नेमका इथं माझ्याकडे मुंगीएवढंसुद्धा काही नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई मारली की गाल कसा होतो, आपलाच, पण बोट लावलं तर दुसऱ्याचा वाटतो, तसा मी सगळाच झालो होतो. लोक रडत होते ते दिसत होतं. आईचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत होता, पण तो तिच्यातूनच येतोय हे मला जोडता येत नव्हतं. मला आठवतंय ते एवढंच की कुणीतरी आणलेल्या पिठल्यात मीठ नव्हतं, आणि ते कुणाला कळलं नाही, मलाही नंतर कळलं.

सुतकाच्या घरात टीव्ही लावत नाहीत. आमच्या थोरल्या आबांनी, अण्णांच्या वडीलभावांनी, आल्याआल्या घरातल्या टीव्हीवर चादर टाकली आणि ओटीवर येऊन मशीनकडे बोट केलं. "ह्ये डबडं बंद करा."

गुलाब मध्ये उभा राहिला. "आबा, बंद केलं तर त्याचं नाव जाईल."

"कुटलं नाव?"

"त्ये काय वर. विलासचं. बंद केलं का पुसतंय."

"सुतकात टीव्ही लावायचा न्हाई म्हंजी न्हाई. लोक काय म्हंतील?"

"आबा, ह्यो टीव्ही न्हाई. टीव्हीवर दुसऱ्याचं बगायचं आस्तंय. ह्ये आपलं हाय."

आबा विचारात पडले. तेवढ्यात मशीननं आपला सूर लावला, चांगला जोरात, आणि आतल्या बायका रडायच्या थांबल्या. पलीकडं म्हैस हंबरली. आबांनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं, मग अण्णांकडे. अण्णा भिंतीकडे बघत होते. ते त्यानंतर बरेच महिने भिंतीकडेच बघत होते. शेवटी आईच आतून आली. तिच्या हातात तिची स्वतःची गोधडी होती. तिनं ती मशीनवर डोक्यापासून पांघरली, लेकराला पांघरतात तशी कडा खोचून, आणि परत गेली. आबा म्हणाले, "झाकल्यालं हाय. चालंल." सुतकभर ते गोधडीच्या आत जळत राहिलं. कापडातून निळं झिरपायचं, आणि मधूनमधून सूर यायचा, कोंदलेला, कुणीतरी तोंडावर पांघरूण घेऊन गुणगुणावं तसा.

भेटायला लोक येत ते आतल्या बाजूला अण्णांपाशी बसत. पण खेळणारे ओटीवरच टेकत, गोधडीच्या समोर. गिरणीतली माणसं, स्टेशनावरचा फुगेवाला, लोणावळ्याहून दादाच्या हॉटेलातले दोघे. सांत्वन करायचं कसं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गोधडीकडे बघत कुणीतरी म्हणायचं, "वटवाघळांत डाव्या कोपऱ्यात ऱ्हायलं का वाचतंय, आसं विलास म्हनायचा." दुसरा म्हणायचा, "व्हय, पर पयल्या झटक्यालाच. दुसऱ्या टायमाला कोपराच धरतेत ती." फुगेवाला म्हणायचा, "मला तर मुठाच आवघड जातो बाबा." आणि गुलाब, जो दिवसभर बोलायचा तो गुलाब, एकदाच बोलला. म्हणाला, "मालगाडी काय अन्याव न्हवती. मीच उगा बोलायचो." त्या दिवसांत दादाविषयी मी जे काही खरं ऐकलं ते एवढंच. बाकीचे आत बसून तो किती गुणाचा होता ते सांगत होते.

तेरावा झाला, गोधडी निघाली. आईनं काच पुसली आणि गुलाबला विचारलं, "कुटली वळ त्याची?" तिला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. गुलाबनं काचेवर बोट ठेवलं. त्या बोटाच्या जागी आईनं अष्टगंधाचा ठिपका लावला. तेव्हापासून रोज सकाळी देवांना लावून झालं की एक ठिपका तिथं. खेळ सुरू झाला की तो ठिपका आकाशात मधोमध लोंबकळत राही आणि नेमकी त्याच्यामागून गोळी येई. त्यावरही मतं पडली. खेळ पहिल्यापेक्षा अवघड झालाय, असं सर्वांचं म्हणणं. ठिपका पुसावा, असं एकाचंही नाही.

आणि मग मला एक गोष्ट दिसायला लागली. मालगाडी यायची, गडी निम्मी फोडायचा, आकडा दादाच्या आकड्याजवळ जायचा, आणि तिथं त्या गड्याचा हात ढिला पडायचा. विमान आपलं आपण गोळीखाली जाऊन उभं राहायचं. "आरारारा," तो म्हणायचा, "गेलं की वो." बघणारेही म्हणायचे, "लय आवघड हाय बाबा तितनं फुडं." हे कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला बोललंही नव्हतं. बाहेरचा कुणी विचारायला आला की सगळे एका तोंडानं सांगायचे की ह्या गेमला त्याच्यापुढं गेमच नाही, तिथं संपतो. कामशेतातला एकटा थापाड्या मी, अशी माझी तोवर समजूत होती. हे बघून माझा हुद्दाच गेला.

पावसाळा सरत आला होता तेव्हा पुण्याचा एक कॉलेजचा मुलगा आला. बेडसे लेणी बघून लोकलची वाट बघत होता, पायाला चिखल, पाठीला पिशवी. त्याला काय माहीत? त्यानं विचारलं, "खेळू का?" आणि मुठा असा मारला की गुलाबनं विडी खाली ठेवली. वटवाघळांत तो कोपऱ्यात लपला नाही, मधोमध उभा राहिला. मालगाडी आली. कुणीतरी म्हणालं, "लोकल यील हां, पावनं." तो म्हणाला, "पुढच्या लोकलनं जातो." फुगेवाल्यानं त्याच्या कानाशी फुगा फोडला. पोरगा हललासुद्धा नाही. तसा स्वभावानं चांगला होता तो, हसून "सॉरी, जरा थांबा" म्हणाला. पुढलं इंजिन फुटलं. आकडा चढायला लागला. आणि मग सगळे एकदम ओरडायला लागले, त्याच्यावर नाही, नुसतेच, "आरं ऱ्हा, आरं ऱ्हा, विलासचं जातंय, नाव जातंय!"

आई चुलीपुढून उठून आली. हाताला पीठ तसंच. तिला एवढंच ऐकू आलं होतं की विलासचं नाव जातंय. ती गर्दीतून थेट मशीनच्या मागं गेली, दादानं जोडलेल्या तारांचा झुबका दोन्ही हातांनी धरला आणि उपटला.

पडदा काळा झाला. खोकं गप्प झालं. ते कधी गप्प असू शकतं हे मी विसरलो होतो. समोरच्या गिरणीचा पट्टा फिरताना फटफट वाजतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. आई मशीनमागून बाहेर आली. धाप लागली होती. म्हणाली, "वाचलं ना?"

बंद केलं की पुसतं, हे गुलाब आबांना सांगत होता तेव्हा ती आत रडत होती. सगळ्यांना माहीत होतं काय झालंय, तिच्याशिवाय. मी तिच्या पिठाच्या हातांकडे बघत होतो आणि मनाशी म्हणत होतो, आता तरी काहीतरी वाटेल. नाही वाटलं. गुलाब उठला. त्यानं तारा जागच्या जागी लावल्या, दादा जशी मारायचा तशी डाव्या अंगाला थाप मारली. पडदा उजळला, यादी आली. पाच ओळी, पाचही ओळींत ए-ए-ए. वरच्या ओळीवर अष्टगंधाचा ठिपका होता तिथंच.

आई काचेजवळ गेली. वरच्या ओळीकडे पाहिलं, मग खालच्या, मग त्याच्या खालच्या. अक्षर येत नसलं तरी डोळे होते तिला. "गुलाब," ती म्हणाली, "समदीकडं सारकंच दिसतंय रं."

गुलाबनं काचेवर पाचही ओळींवरून बोट फिरवलं. म्हणाला, "मावशी, पाची नंबर त्याचेच हायेत."

"पाची?"

"पाची. पयला बी त्योच, पाचवा बी त्योच. दुसरा कोन हाय हितं?"

उभ्या आयुष्यात मी जेवढ्या थापा मारल्या तेवढ्यांची माळ केली तर ती वडगावच्या कचेरीला सात वेढे घालून उरेल, पण त्यातली एकही ह्या थापेच्या पासंगाला पुरत नाही. आई वळली. ओटीवरच्या सगळ्यांकडे, त्या पुण्याच्या मुलाकडेसुद्धा, बघून म्हणाली, "बसा. च्या टाकते." दादा गेल्यापासून तिनं कुणाला चहा विचारला नव्हता. पोरगा हळूच मला म्हणाला, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, नाही. चहा घेऊन जा.

बोललेली थाप पाळावी लागते, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी थापा मारू नयेत. त्या दिवसापासून कामशेतात कुणीही खेळला, कितीही मोठा आकडा केला, आणि नावाची तीन घरं समोर आली की तो अक्षर फिरवायचा नाही. पहिलंच अक्षर ए. लाल बटण तीनदा दाबायचं आणि बाजूला व्हायचं. आता मुद्दाम मरायची गरज नव्हती. गुलाबनं मालगाडी कैक वेळा फोडली, दोन्ही इंजिनांसकट, बटण तीनदा. फुगेवाल्याला जन्मात एकदा मुठा सापडला, तो यादीत पाचवा आला, आनंदानं रडला, आणि बटण तीनदा. यादी खालपासून वरपर्यंत दादाची राहिली. मशीन शेवटी भंगारात गेलं तेव्हा आईनं तेवढी काच काढून ठेवायला लावली. तिला कळलं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. गुलाबही नाही.

सईनं लावून दिलेला गेम मी दुपारभर खेळलो. अंगठा बधिर झाला, मग मनगट. बाकीचं तसंही होतंच. मालगाडी नव्हती त्यात, पण असंच काहीतरी धूड होतं, दोन तोंडांचं. ते फुटलं. जगभरातल्या खेळणाऱ्यांच्या यादीत कुठंतरी तळाशी माझी ओळ उघडली आणि नावाची तीन घरं आली. मी बटण तीनदा दाबलं. सई मागून बघत होती. "बाबा, नाव टाकायचं राहिलं की." मी म्हटलं, "राहिलं नाही."

मग मत लिहावं म्हणून खाली गेलो. आधीच्या मतांत एकाचं होतं: खेळ उत्तम, पण गुणांच्या यादीत जिकडंतिकडं ए-ए-ए, लोकांना साधी तीन अक्षरं टाकायचासुद्धा कंटाळा. बाकीच्या सगळ्यांना मी उत्तरं दिली असती, पानंच्या पानं, मुंग्यांपासून म्हशीपर्यंत. त्या एकाला फक्त लिहिलं: कंटाळा नाही. कामशेतची माणसं आहेत ती.